तुटका आवाज, बंद आकाश

शुक्रवार, १० मे २०२४, नाशिक.

पहाटे ५.३५ : धडकेला १७ तास

अक्षय्य तृतीया. दिंडोरी-कळवणकडची माणसं हिला आखाजीच म्हणतात. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी हेडफोन लावून बसलोय, पण रेडिओ माझ्यासमोर नाही. तो आहे दिंडोरी तालुक्यात, बहिणीच्या सासरी, द्राक्षबागेच्या कडेच्या खोलीत. इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावायला सोसायटी परवानगी देत नाही. दिली असती तरी लिफ्ट, इन्व्हर्टर आणि घरोघरचे एलईडी दिवे मिळून शॉर्टवेव्हवर एवढा गोंगाट करतात की माणसाचा आवाज त्यात बुडून जातो. शेतावर ती कटकट नाही. म्हणून रेडिओ तिकडे, मी इकडे आणि मधे इंटरनेट. तिथल्या लॅपटॉपला रेडिओ यूएसबीने जोडलाय. नेट सिमच्या राउटरवर, आणि सिमला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही म्हणून दोन्ही टोकं व्हीपीएनने बांधलेली.

७ मेगाहर्ट्झवर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, सकाळची मंडळी जमलीत. कुणी नागपूरचा, कुणी हुबळीचा. आणि आवाज येतोय असा : "नम...कार, सिग...ल पाच-न... ऐकू ये...य का?" दर शब्दाला कुणीतरी चावा घेतल्यासारखा.

याच वेळी सूर्याकडून निघालेले विद्युतभारित वायूचे प्रचंड ढग सेकंदाला सुमारे सातशे किलोमीटर वेगाने इकडे येताहेत. ३६६४ क्रमांकाच्या डागसमूहाने ८ मेपासून एकामागून एक असे ढग फेकलेत. त्यांतला पहिला अजून चार कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहे. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राने ९ तारखेला 'जी-४' प्रतीच्या भूचुंबकीय वादळाचा इशारा दिलाय. जानेवारी २००५ नंतर असा इशारा पहिल्यांदाच. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आलाही होता, पण त्याच्या खाली लगेच कांदा निर्यातबंदी उठल्याच्या पाच पोस्टी आल्या आणि तो वर सरकून गेला.

सकाळी ७.३५ : धडकेला १५ तास

आवाज तुटला की लोक आधी नेटचा वेग मोजतात. वेगाचा इथे फारसा संबंध नसतो. आवाज साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेटं. ती किती लवकर येतात यापेक्षा सारख्या अंतराने येतात का, हे महत्त्वाचं. शेतावरच्या राउटरला सतत पिंग लावून ठेवला तर सरासरी दिसते ४५ मिलिसेकंद. छान वाटतं. पण ओळी एकेक वाचत गेलं की ३८, ४१, ३९, मग अचानक ४१०, मग ४०. तो ४१० सरासरीत लपून बसतो आणि कानात मात्र बरोबर टोचतो.

या चढउतारावर उतारा म्हणून बफर असतो. त्याचं काम गच्चीवरच्या टाकीचं : नळाला पाणी कधीही येवो, घरात धार सारखी पडली पाहिजे. टाकी लहान ठेवली तर कोरडी पडते, मोठी ठेवली तर आवाज उशिरा पोचतो. समोरच्याचं बोलणं संपून अर्धा सेकंद झाला तरी मी ऐकतोच आहे, असं झालं की संभाषणाची लय बिघडते. दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, दोघं एकाच वेळी थांबतात. १०० मिलिसेकंदांवर मी स्थिरावलो.

त्याआधी एक साधं काम : लॅपटॉपचं वायफाय बंद, राउटरपासून केबल सरळ टेबलापर्यंत. आमच्या मजल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची डझनभर वायफाय एकमेकांच्या डोक्यावर बसलीत. केबल लावताच घराकडचे चावे गेले. जे उरले ते शेताकडचे.

सकाळी ९ : साडेतेरा तास

बहीण आखाजीला माहेरी आलीय, मुलांना घेऊन. दाजी शेतावर एकटे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालीय, नव्या फुटींची विरळणी चालू आहे, त्यामुळे त्यांना हलता येत नाही. दुपारपर्यंत येतो म्हणालेत. फोन लावला.

"दाजी, राउटरवरचा दिवा काय म्हणतो?"

"लुकलुकतोय, भाऊ. जोरात लुकलुकतोय. कामाला लागलाय बिचारा."

कामाला कोण लावतंय ते शोधायचं होतं. शेतावरून वर जाणारी वाट अरुंद असते आणि माझा आवाज त्याच वाटेने येतो. त्या वाटेवर दोन पाहुणे निघाले. एक, बागेवर लक्ष ठेवणारा सीसीटीव्ही कॅमेरा. रात्रंदिवस चित्र कुठल्यातरी सर्व्हरवर चढवत बसलेला. दुसरा, दाजींचा मोबाइल. काल काढलेले फुटींचे, पानांवरच्या डागांचे, भाच्यांचे फोटो वायफाय दिसल्याबरोबर वर पाठवणारा. राउटर कुणालाच नाही म्हणत नाही, सगळ्यांची पॅकेटं रांगेत उभी करतो. माझं २० मिलिसेकंदांचं पॅकेट मग चार मेगाबाइटच्या फोटोमागे ताटकळतं. पिंगमधला ४१० तो हा.

कॅमेऱ्याचं चित्र कमी प्रतीचं केलं, फोटोंची पाठवणी रात्रीवर टाकली, राउटरमध्ये लॅपटॉपला पहिला मान दिला. आणि आवाजाचं वजनही उतरवलं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट असा कच्चा आवाज सेकंदाला ७६८ किलोबिट खातो. रेडिओतून येणारी माणसाची बोली असते जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंदीची. तिला एवढा थाट कशाला? ओपस कोडेक लावून तेच काम ३२ किलोबिटमध्ये झालं आणि फरक कानाला कळला नाही. हे लोक का करत नाहीत कळत नाही. महागडा रेडिओ घेतला की प्रत्येक आकडा कमाल ठेवायचा, असा आपल्याकडे एक रिवाज आहे.

सकाळी १०.३५ : १२ तास

आता शब्द अखंड येताहेत. पण अधूनमधून एक टक् होतं आणि आवाज क्षणभर दचकतो. घड्याळ लावून बसलो तर हा टक् साधारण तेहेतीस मिनिटांनी येतो. नेटचा दोष असा वेळापत्रकाने वागत नाही. वक्तशीर दोष दिसला की यंत्रातलं घड्याळ तपासावं.

दोन टोकांना दोन साउंडकार्डं. दोन्ही म्हणतात आम्ही सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. पण प्रत्येकाच्या पोटात वेगळा स्फटिक, आणि दोन स्फटिकांत दहा लाखांत पन्नासाचा फरक अगदी सर्रास असतो. म्हणजे सेकंदाला २.४ नमुन्यांचा फरक. शेत भरतंय थोडं जास्त, घर पितंय थोडं कमी. १०० मिलिसेकंदांत मावतात ४,८०० नमुने. ४,८०० भागिले २.४ म्हणजे २,००० सेकंद, तेहेतीस मिनिटं. तेवढ्या वेळात बफर काठोकाठ भरतो आणि सॉफ्टवेअर जादाचं सांडून देतं. तो टक्. बफर दुप्पट केला असता तर टक् तासाने आला असता, गेला नसता. औषध असतं ते म्हणजे चालत्या आवाजाचा वेग सूक्ष्म प्रमाणात कमीजास्त करत राहणारं रीसॅम्पलिंग. सेटिंगमध्ये ती एक चौकट असते, बहुतेक वेळा रिकामी. ती भरली.

स्वयंपाकघरात आंबे पिळायला सुरुवात झालीय. १४ मेगाहर्ट्झवर गेलो. बारा वाजेपर्यंत एकही तूट नाही.

दुपारी १२.२४ : १० तास ११ मिनिटे

एक जण आग्नेय आशियातून बोलत होता. वाक्य पुरं झालं नाही. तुटलं नाही, चावा नाही, टक् नाही. बुडत गेला आणि गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. मग बँडची नेहमीची खरखरसुद्धा उतरली. हेडफोनमध्ये जे उरलं ते रेडिओच्या पोटातलं सुं.

पिंग पाहिला : ३९, ४०, ३९, ४१. सकाळपासून इतका सुरेख पिंग दिसला नव्हता. म्हणजे नेट नाही. मग अँटेना? दाजी निघायच्या तयारीत होते, त्यांना मेच्या उन्हात पुन्हा बागेकडे पाठवलं. लोखंडी पाइपावर उलट्या व्हीसारखी दहा मीटरची तार, तिच्याखाली कोॲक्स.

"तार जागेवर ए. केबल घट्ट ए. उंदरानं कुरतडलेली नाही. खोलीतल्या रेडिओतूनही नुसती सुं ए, भाऊ. माणूस नाही."

या ठिकाणी दूरवरून रेडिओ चालवणारा हमखास फसतो, कारण त्याच्या हातात बटण नसतं, तो दोष कुठल्या थरात आहे याचा अंदाज बांधत असतो. एक परीक्षा मात्र पक्की आहे. नाशिकरोडच्या एका ओळखीच्या हॅमला फोन करून त्याच १४ मेगाहर्ट्झवर हाक द्यायला सांगितलं. त्याचा आवाज आला. बारीक, पण एकही अक्षर न तुटता. त्याच्यापासून शेतापर्यंतच्या लहरी जमिनीलगत येतात, आकाशाचा आधार घेत नाहीत. रेडिओ ठीक, अँटेना ठीक, नेट ठीक, माझे कान ठीक. आकाशच बंद होतं.

बारा चोविसला सूर्यावर एक्स-३.९ प्रतीची ज्वाला शिखरावर पोचली होती. तिचे क्षकिरण ढगांसारखे दोन-अडीच दिवस घेत नाहीत, प्रकाशाच्या वेगाने आठ मिनिटांत येतात. ते ज्या अर्ध्या पृथ्वीवर दिवस असतो तिथे आदळतात, आणि भारतात तेव्हा सूर्य डोक्यावर होता. दूरची शॉर्टवेव्ह वरच्या थरांवर आपटून परत येते; वाटेत साठ ते नव्वद किलोमीटरवर 'डी' थर लागतो. क्षकिरणांनी तो एवढा दाट होतो की लहरी वर जातानाच शोषल्या जातात. दुरून येणारे विजांचे कडकडाट, जे एरवी बँडची खरखर होऊन ऐकू येतात, तेही तिथेच शोषले जातात. म्हणून तर रेडिओच मेला असं वाटतं. १९३५ साली अमेरिकेतल्या डेलिंजर यांनी या अचानक बंद पडण्याची सांगड सूर्याशी घातली, जर्मनीत म्योगेल यांनी त्याआधी ती हेरली होती. त्यापूर्वी किती ऑपरेटरांनी चांगले रिसिव्हर उघडून ठेवले असतील!

परत येण्याचाही क्रम असतो. शोषण कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त, म्हणून आधी २८ मेगाहर्ट्झ जागा झाला, मग २१, मग १४. ७ सर्वांत शेवटी. दाजी तोवर पोचले, घामाघूम. आमरसाची वाटी हातात घेऊन म्हणाले, "मग मला उन्हात कशाला पळवलं?"

दुपारी २.३५ : ८ तास

जेवण झाल्यावर घर झोपलं. ज्वाला हा काही शेवट नव्हता, ती वर्दी होती. खरा मुद्दा मागून येणाऱ्या ढगांचा, आणि त्या बाबतीत आपल्या राज्याकडे एक नोंद आहे जिच्याकडे जगाला परत परत यावं लागतं.

१ आणि २ सप्टेंबर १८५९, असाच ढग पृथ्वीवर आदळला तेव्हाची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय सुईचं वाचन दर तासाला डोळ्यांनी होत असे आणि हाताने वहीत उतरत असे. सुई बिथरली तेव्हा तिथल्या माणसांनी तासाची शिस्त मोडली आणि काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहायला घेतले. युरोपात फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप नोंद घेणारी यंत्रं होती. त्यांची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याची वही टिकली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचं तिच्यात आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या शोधनिबंधाने या वादळाची तीव्रता नव्याने मांडली, त्याच्या लेखकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि एस. ॲलेक्स आहेत, आणि त्यांचा आधार ही वही होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नानाभाई मूस यांनी ही मोजमापं अलिबागला हलवली. १९०४ पासून ती तिथे चालू आहेत. ट्रामसारख्या गोष्टीपायी एक वेधशाळा समुद्रापलीकडे गेली आणि त्यामुळे मोजणीची साखळी तुटली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आजच्या डागसमूहाची रुंदी सुमारे दोन लाख किलोमीटर. ग्रहणाचा चष्मा लावून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. भाच्यांना गच्चीवर नेऊन दाखवला. धाकट्याला तो मुंगीएवढा वाटला.

संध्याकाळी ५.३५ : ५ तास

दाजी शेतावर परतले. एक दोष अजून शिल्लक होता : मी बोलायला बटण दाबलं की माझाच आवाज फाटायचा, कधी लॅपटॉप रेडिओला विसरूनच जायचा. ऐकताना सगळं ठीक, बोलताना बिघाड, तर नेटला शिव्या देऊ नयेत. १०० वॉट अँटेनाकडे जाताना त्यातला थोडा यूएसबीच्या तारेवर चढतो. द्राक्षबागेत तर लोखंडी अँगल आणि त्यांवर ताणलेल्या तारांचं जाळंच पसरलेलं. त्यातून शक्ती कशी आणि कुठे परत येईल, सांगता येत नाही.

"दाजी, डब्यात काळी कडी आहे. यूएसबीची वायर तिच्यातून सात-आठ वेढे घालून घ्या. घट्ट."

"पितळेची का?"

"नाही, फेराइटची. पडली तर फुटेल."

वेढे बसले. दाजींकडे हॅमचा परवाना नाही, त्यामुळे ते माइकला हात लावत नाहीत. पण केबलीच्या कामात आता त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. यूएसबीची वीजबचत बंद करवून घेतली आणि पुन्हा बटण दाबलं. स्वच्छ.

संध्याकाळी ७.३५ : ३ तास

अहमदाबादला गुजरात-चेन्नई सामना सुरू झाला. घरात तीन मोबाइल, तिन्हींवर तोच सामना, तिन्हींवर वेगवेगळ्या षटकात. गिल आणि साई सुदर्शन दोघांनीही शतकं ठोकली, तेव्हा मी राउटरच्या पानावर माझ्या केबलीला प्राधान्य देत होतो. काम झालं. एका मोबाइलवर चौकार थोडा उशिरा गेला असेल.

रात्री ९.३५ : १ तास

इटलीचा एक, सर्बियाचा एक, मग जर्मनीतला एक. पलीकडचे म्हणताहेत की आवाज अगदी समोर बसून बोलल्यासारखा आहे. पहाटेपासूनचं सगळं कारणी लागलं होतं. केबल, रांग, कोडेक, घड्याळ, कडी, यांतलं एकही मधे येत नव्हतं. नाशिक ते दिंडोरी हा रस्ता निर्दोष झाला.

रात्री १०.०७ : २८ मिनिटे

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी, अमेरिकेच्या यानावर ढगाची आघाडी आदळली. आपलं आदित्य-एल१ सहा जानेवारीपासून त्याच परिसरात आहे. त्याच्या उपकरणांनीही हे वादळ नोंदवलं. तिथून पृथ्वीपर्यंत या वेगाने अर्धा तास. आधीचे इशारे तासांच्या हिशेबातले अंदाज असतात. खात्रीची सूचना मिळते ती एवढीच.

रात्री १०.३५

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धक्का बसला. हेडफोनमध्ये धाडकन काही झालं नाही. जर्मनीवाल्याच्या आवाजाला कंप सुटला. पंख्यासमोर तोंड धरून बोलल्यासारखा, घोगरा, प्रत्येक स्वर थरथरणारा. पिंग : ४०, ३९, ४१. मग तो पुसट होत गेला. उत्तरेकडून, ध्रुवाजवळून येणारे मार्ग आधी जातात. पाठोपाठचे ढग एकमेकांना गाठून एकत्र आलेले होते, त्यामुळे मार एकदाच बसून थांबणारा नव्हता.

त्या सुमारास अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. जीपीएसवर सरळ रेघ धरून चालणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले आणि काही शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली. दाजींना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर त्यांनी बागेतल्या ओळी दोरी लावून आखल्याचं अभिमानाने ऐकवलं.

शनिवार, ११ मे, पहाटे ४.२४

वादळ 'जी-५' ठरलं. मोजपट्टीची ही शेवटची पायरी, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच गाठलेली. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्याने त्या रात्री क्षितिजावर लाल उजेड टिपला. पृथ्वीच्या क्षेत्रातली घट चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास गेली. कुलाब्याच्या वहीतल्या आकड्याच्या पाव हिश्शाएवढी. नाशिकच्या आकाशात मला काही दिसलं नाही. मी गच्चीवर होतो खरा.

सकाळी ६.५३

सूर्य उगवून तासही झाला नव्हता आणि त्याच डागसमूहावर एक्स-५.८ ची ज्वाला. १४ वर शांतता, ७ वर शांतता. सकाळच्या मंडळींतले नेहमीचे लोक आपापल्या गावी बसून एकमेकांना फोन करत होते : तुझ्याकडे काही येतंय का? एकाने नेटचं कनेक्शन बदलायचं ठरवलंही होतं, त्याला थांबवलं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत बँड हळूहळू पूर्ववत झाले. दिंडोरीच्या जोडणीला मी हात लावला नाही. १४ मे रोजी त्याच समूहाने, सूर्याच्या कडेला पोचता पोचता, एक्स-८.७ ची ज्वाला सोडली. शुक्रवारच्या ज्वालेच्या दुपटीहून मोठी. पण आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १० वाजून २१ मिनिटं झाली होती. अंधाऱ्या बाजूला क्षकिरण पोचत नाहीत. त्यानंतर थोड्याच वेळात माझ्या हेडफोनमधला आवाज तुटला, तोही एकदम, सुं सकट. पिंगला उत्तरच नाही. दाजींना फोन लावला.

"लाइट गेलीये, भाऊ. अन् इन्व्हर्टरनं आत्ताच मान टाकली."